उताराच्या मागावर: पेनसिल्व्हेनिया ते इंडियाना

पेनसिल्व्हेनियातल्या जिम थॉर्प या गावात एकही रोलर कोस्टर नाही. लीहाय नदीच्या अरुंद खोऱ्यात दाटीवाटीने उभी असलेली जुनी घरं, टुमदार रेल्वे स्टेशन आणि मागे झाडीने भरलेला माउंट पिसगा. तरीही कोस्टरसाठी निघालेल्या या गटाने आपल्या दोन्ही व्हॅन सगळ्यात आधी इथेच थांबवल्या. गटात रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या, रात्रपाळी संपवून थेट गाडीत बसलेली एक नर्स होती, कॉलेजातली काही मुलं होती आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेला एक पुणेकर अभियंताही होता. बेत लांबचा होता. पेनसिल्व्हेनिया पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडायचा, ओहायोत ईरी सरोवराच्या काठापर्यंत जायचं, तिथून राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उतरायचं आणि शेवटी इंडियानाचा दक्षिण भाग गाठायचा. पण सुरुवात जिम थॉर्पपासूनच, असा रेल्वेवाल्या गृहस्थांचा आग्रह होता आणि तो रास्त होता.

या गावाचं पूर्वीचं नाव मॉक चंक. वर समिट हिलला दगडी कोळशाच्या खाणी, खाली नदीकाठी कोळसा पुढे नेणारा कालवा आणि मध्ये सुमारे नऊ मैलांचा उतार. लीहाय कोल अँड नॅव्हिगेशन कंपनीच्या जोसाया व्हाइट यांनी १८२७ मध्ये या उतारावर रूळ टाकले. कोळशाने भरलेल्या वाघिणी स्वतःच्या वजनाने खाली येत. खेचरंही एका वाघिणीत उभी राहून खाली येत आणि मग रिकाम्या वाघिणी ओढत वर नेत. बसून उतरायची सवय लागलेली ही खेचरं पुढे उतार पायी उतरायला तयारच होईनात, अशी आठवण त्या काळातल्या लोकांनी नोंदवून ठेवली आहे. १८४० च्या दशकात खेचरांची जागा वाफेच्या इंजिनांनी घेतली. वाघीण वर खेचणारा लोखंडी पट्टा तुटला तर ती मागे घसरू नये म्हणून रुळांलगत दात्यांची पट्टी बसवली गेली. आज कुठल्याही जुन्या कोस्टरच्या पहिल्या चढावर ऐकू येणारा कट्-कट्-कट् आवाज अशाच दात्यांचा असतो.

१८७२ मध्ये डोंगरातून नवा रेल्वे बोगदा निघाला आणि कोळशाला या वाटेची गरज उरली नाही. पण तोवर लोकांना उताराची चटक लागली होती. तिकीट काढून डोंगरावरून घरंगळत यायला गर्दी होऊ लागली आणि हा उद्योग थेट १९३३ पर्यंत चालला. रूळ भंगारात गेले. आता त्या जागी पायवाट आहे. गट त्या वाटेने थोडा चढून गेला. शिक्षिकाबाई मुलांना उताराचं गणित समजावत होत्या आणि पुणेकर अभियंता झाडांच्या मधून एकसारखी उतरत गेलेली ती सपाट पट्टी पाहत होता.

ही करमणूक शहरात आणली ती लामार्कस थॉम्पसन यांनी. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८८४ च्या जूनमध्ये त्यांनी सहाशे फूट लांबीची 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर, भाडं पाच सेंट. लोक रांगा लावून बसू लागले. पुढच्या साऱ्या गोष्टीची, म्हणजे अमेरिकेतल्या रोलर कोस्टरच्या धंद्याची, सुरुवात तिथून धरतात.

जिम थॉर्पहून पश्चिमेला निघालं की रस्ता कोळशाच्या पट्ट्यातूनच जातो. वाटेजवळ सेंट्रेलिया आहे. या गावाखालच्या खाणीला १९६२ मध्ये लागलेली आग अजून विझलेली नाही, आणि गावात आता नावापुरतीच वस्ती आहे. त्यानंतर झाडी दाट होते, एक ओढा लागतो, झाकलेला लाकडी पूल दिसतो आणि एल्सबर्गजवळ नोबेल्सचं पार्क सुरू होतं.

सुरू होतं म्हणजे गाडी लावायची आणि आत चालायला लागायचं. नोबेल्सला फाटकही नाही आणि प्रवेशशुल्कही नाही. गाडी उभी करायलाही पैसे पडत नाहीत. पाळण्यांची तिकिटं सुटी विकत घ्यायची. आजीआजोबांना नुसतं बाकावर बसून नातवंडांना पाहायचं असेल तर एक डॉलरही खर्च न करता दिवस काढता येतो. १९२६ पासून एकाच कुटुंबाकडे असलेलं हे पार्क लाकडाच्या व्यवसायातून उभं राहिलं, आणि ते इथल्या झाडीत, पुलांत, कोस्टरमध्ये जागोजाग जाणवतं. कोळशाच्या खाणीवरचं छोटं संग्रहालयसुद्धा पार्कातच आहे. १९१३ चा मोठा कॅरोसेल इथे अजून फिरतो. त्याच्या बाहेरच्या ओळीतल्या घोड्यावर बसलं की फिरता फिरता हात लांब करून खांबावरच्या कड्या ओढायच्या असतात. पितळी कडी हाती लागली तर पुढची फेरी फुकट. गटातल्या नर्सबाई या खेळात इतक्या रमल्या की बाकीचे कोस्टरच्या रांगेत पोचले तरी त्या घोड्यावरच होत्या.

नोबेल्सचा 'फिनिक्स' मात्र कुणी चुकवत नाही. हा कोस्टर मूळचा टेक्सासचा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस सॅन अँटोनियोच्या प्लेलँड पार्कमध्ये तो 'रॉकेट' नावाने उभा राहिला. १९८० मध्ये ते पार्क बंद पडलं आणि कोस्टर तसाच उन्हात उभा राहिला. मूळ आराखडे हाताशी नव्हते. नोबेल्सच्या मंडळींनी चार्ली डिन नावाच्या बांधकामतज्ज्ञाला सोबत घेतलं आणि एकेक फळी, एकेक खांब सुटा करून त्यावर क्रमांक टाकले. सगळा सांगाडा ट्रकांवर चढवून अर्धा देश ओलांडत पेनसिल्व्हेनियात आणला आणि १९८५ च्या जूनमध्ये तो पुन्हा धावू लागला. लाकडी कोस्टर एका जागेवरून काढून दुसरीकडे उभा करता येतो, हे या कामाने अनेकांना पटवून दिलं. त्यानंतर असे आणखी काही जुने कोस्टर पाडले जाण्यापासून वाचले. चार्ली डिन हे नाव या प्रवासात पुन्हा पुन्हा येणार आहे.

फिनिक्सची उंची ७८ फूट. आजच्या हिशेबाने ही उंची मुलांच्या पाळण्यात मोडेल. ट्रेन स्टेशनातून निघते ती थेट काळोख्या बोगद्यात शिरते आणि बाहेर येते ती चढाच्या पायथ्याशी. खरी गंमत शेवटच्या टेकड्यांची. मांडीवरचा आडवा दांडा एकाच जागी अडकतो, शरीराला घट्ट आवळत नाही. त्यामुळे ट्रेन माथा ओलांडून खाली वळते तेव्हा माणूस सीटपासून अलगद वर उचलला जातो. ट्रेनच्या खाली वळण्यापेक्षा शरीराची पुढे वर जाण्याची गती जास्त असते, म्हणून हा क्षण मिळतो. कोस्टरप्रेमींच्या भाषेत हाच 'एअरटाइम', आणि तो मोजत बसण्यात ही मंडळी तासन् तास घालवतात. फिनिक्सवर तो एकामागून एक, अगदी ब्रेकपर्यंत मिळत राहतो. ज्याने तीनशे फुटी पोलादी कोस्टर केले आहेत, तोही इथून उतरल्यावर पुन्हा रांगेत जातो. हा कोस्टर चांगला का आहे, याचं उत्तर उंचीच्या आकड्यात सापडत नाही.

नोबेल्सहून पुढे जायचं होतं पिट्सबर्गला, आणि ऑल्टूना शहर त्या वाटेवरच आहे. तिथल्या लेकमाँट पार्कात 'लीप द डिप्स' उभा आहे. १९०२ चा हा कोस्टर जगातला सर्वांत जुना शिल्लक कोस्टर मानला जातो. ४१ फूट उंची आणि सगळ्यात मोठी उडी जेमतेम नऊ फुटांची. इतकी सौम्य, कारण या डब्यांना रुळाखालून धरून ठेवणारी चाकंच नाहीत. उतार तीव्र केला असता तर डबा रूळ सोडून हवेत गेला असता. १९८५ मध्ये तो बंद पडला होता. त्याच्या जतनासाठी माणसं पुढे आली, १९९६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि १९९९ मध्ये तो दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाला. शिक्षिकाबाईंनी मुलांना त्याच्या सांगाड्याजवळ उभं करून सांगितलं की पुढच्या पार्कात जे दिसणार आहे, ते समजायचं तर आधी इथे काय नाही ते पाहा.

पुढचं पार्क म्हणजे पिट्सबर्गशेजारचं केनीवुड. त्याची स्थापना १८९८ ची, आणि ते काढलं एका ट्रॉली कंपनीने. त्या काळी अनेक अमेरिकी शहरांत विजेवरच्या ट्राम धावू लागल्या होत्या. आठवडाभर कामगारांनी भरलेले डबे रविवारी रिकामे धावत. मग कंपन्यांनी मार्गाच्या शेवटच्या टोकाला झाडी, बाकं, बँड आणि पाळणे असलेली बागच काढली, म्हणजे सुटीच्या दिवशीही लोक ट्राममध्ये बसतील. अशी 'ट्रॉली पार्क' देशभर निघाली आणि मोटारी आल्यावर बहुतेक संपली. केनीवुड टिकलं. त्याच्या समोर, मोनोंगाहेला नदीच्या पलीकडे, एडगर थॉमसन पोलाद कारखाना दिसतो. अँड्र्यू कार्नेगींनी १८७५ मध्ये तो सुरू केला तो रेल्वेचे रूळ तयार करण्यासाठी. तो कारखानाही अजून उभा आहे. रेल्वेवाले गृहस्थ कोस्टरपेक्षा त्या धुराड्यांकडेच जास्त वेळ पाहत राहिले.

केनीवुडच्या जमिनीत खोल घळी आहेत. दुसऱ्या कुणी त्या बुजवल्या असत्या. इथे कोस्टर बांधणाऱ्यांनी त्यांचाच उपयोग केला. १९२० चा 'जॅक रॅबिट' जॉन मिलर यांचा. रोलर कोस्टरच्या इतिहासात या माणसाएवढं ऋण दुसऱ्या कुणाचं नसेल. शंभराहून अधिक पेटंट त्यांच्या नावावर आहेत. त्यांतलं सर्वांत मोलाचं म्हणजे रुळाच्या खालून धरणारी चाकं. डब्याला वरून एक, बाजूने एक आणि खालून एक अशी चाकं मिळाली आणि डबा रुळापासून सुटण्याची भीती संपली. त्या दिवसापासून उतार हवा तितका तीव्र करता येऊ लागला. १९२० च्या दशकात अमेरिकेत कोस्टरचं जे पेव फुटलं, त्याच्या मुळाशी हा शोध आहे. जॅक रॅबिटच्या शेवटी दुहेरी उडी आहे. अर्ध्या उतारावर क्षणभर सपाट, लगेच पुन्हा उतार. शंभर वर्षांनंतरही त्या जागी सगळी ट्रेन एका सुरात ओरडते.

शेजारचा 'थंडरबोल्ट' स्टेशनातून निघतो तो चढावर जातच नाही, तडक घळीत कोसळतो. साखळीचा चढ येतो तो मधेच. याच्या वळणांवर शेजारच्याच्या अंगावर असा काही रेटा बसतो की एकट्याला बसूच देत नाहीत, जोडी हवीच. १९२७ च्या 'रेसर'वर दोन ट्रेन शर्यत लावतात. डावीकडून निघालेली ट्रेन उजवीकडे परत येते, कारण दोन दिसणारे रूळ खरं तर एकच अखंड रूळ आहे. पुणेकर अभियंत्याने हे कागदावर काढून पाहिलं आणि मग खात्री करून घ्यायला पुन्हा जाऊन बसला.

आणि 'फँटम्स रिव्हेंज'. १९९१ मध्ये 'स्टील फँटम' म्हणून आलेला आणि २००१ मध्ये त्यातले उलटे फेरे काढून नव्याने घडवलेला हा पोलादी कोस्टर. त्याचा पहिला चढ १६० फुटांचा आहे, पण दुसरी उडी त्याहून मोठी, २३२ फुटांची. चढापेक्षा उतार मोठा कसा, तर तो थंडरबोल्टच्या लाकडी सांगाड्यातून घळीच्या तळापर्यंत जातो म्हणून. वेग ताशी १३५ किलोमीटरच्या पुढे. वर असताना क्षणभर नदी आणि कारखाना दिसतो, मग समोर फक्त लाकडाच्या फळ्या. संपूर्ण प्रवासातली ही सर्वोत्तम उडी, असं गटातल्या अर्ध्याहून अधिक जणांचं मत पडलं आणि ते पटण्यासारखं आहे. इथलं पॉटेटो पॅचचं चीज घातलेले फ्राइज खाऊन व्हॅन रात्रीच ओहायोकडे निघाल्या.

सॅंडस्कीच्या किनाऱ्यावरून ईरी सरोवरात घुसलेली जमिनीची एक चिंचोळी जीभ म्हणजे सीडर पॉइंट. १८७० पासून इथे लोक हवा खायला येतात. पूर्वी आगबोटींनी यायचे, आता सरोवरातून बांधलेल्या रस्त्याने गाड्या येतात. १९०५ चं ब्रेकर्स हॉटेल अजून वाळूवर उभं आहे. त्या रस्त्यावरून सकाळी येताना पाण्यापलीकडे कोस्टरांची जी रांग दिसते, ती पाहून व्हॅनमधली मुलं गप्प झाली.

केनीवुडला घळी होत्या. सीडर पॉइंटला टेबलासारखी सपाट वाळू आणि सगळीकडे पाणी. जमीन उतार देत नव्हती, तेव्हा तो आकाशात बांधावा लागला. १८९२ मध्ये इथे आलेला पहिला कोस्टर २५ फूट उंच होता. १९८९ मध्ये 'मॅग्नम एक्सएल-२००' आला आणि पूर्ण फेरी करणाऱ्या कोस्टरने प्रथमच दोनशे फुटांची सीमा ओलांडली. उंची २०५ फूट, वेग ताशी सुमारे ११६ किलोमीटर. तो घडवणारे रॉन टूमर आधी अंतराळयानांच्या उष्णतारोधक आवरणांवर काम करत. त्यांना प्रवासात मळमळायचं, म्हणून ते स्वतः कोस्टरवर फारसे बसत नसत. मॅग्नमचा रूळ थेट पुळणीच्या कडेने धावतो. माथ्यावरून सरोवराकडे पाहिलं तर पाण्याशिवाय काही दिसत नाही.

मॅग्नमच्या यशानंतर उंचीची चढाओढच लागली. २००० मध्ये इथेच 'मिलेनियम फोर्स' उभा राहिला, ३१० फूट उंच आणि ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा. इतक्या उंचीवर साखळी जड आणि संथ पडते, म्हणून ट्रेन पोलादी दोराने ओढली जाते आणि माथ्यावर ती जवळजवळ न थांबताच पुढे कलंडते. २००३ मध्ये 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' ४२० फुटांवर गेला. तिथे चढ चढायचाच नव्हता. चार सेकंदांत ताशी १९३ किलोमीटर वेग देऊन ट्रेन मनोऱ्यावर भिरकावली जाई. २०२१ मध्ये त्याचा एक धातूचा तुकडा निसटून रांगेतली एक बाई गंभीर जखमी झाली आणि तो बंद झाला. चुंबकीय बलाने ढकलणारी नवी यंत्रणा बसवून 'टॉप थ्रिल टू' या नावाने तो २०२४ च्या मेमध्ये आला, काही दिवसांतच थांबला आणि २०२५ मध्ये पुन्हा धावला. उंचीची हौस किती महाग आणि किती नाजूक असते, हे या मनोऱ्याकडे पाहून कळतं.

पुणेकर अभियंत्याला इथे ओळखीचं काही भेटलं. खोपोलीच्या इमॅजिकातला २०१३ चा 'नायट्रो' बोलिगर अँड माबियार या स्वित्झर्लंडमधल्या कंपनीचा. सीडर पॉइंटचे 'रॅप्टर', 'गेटकीपर' आणि 'वाल्रेवन' हेही याच कंपनीचे. रुळाची तीच चौकोनी पाठ आणि ट्रेन जाताना येणारा तोच घरघर आवाज. डोळे मिटूनही ओळखेन, असं तो म्हणाला.

सीडर पॉइंटला सर्वांत लांब थांबणं झालं ते 'स्टील व्हेंजन्स'पाशी. इथे चार्ली डिन पुन्हा भेटतात. त्यांच्या कंपनीने १९९१ मध्ये या जागी 'मीन स्ट्रीक' हा १६१ फुटी लाकडी कोस्टर बांधला. तो भव्य होता, पण वर्षागणिक खडबडीत होत गेला. बसणाऱ्यांच्या बरगड्या दुखायच्या. २०१६ मध्ये तो बंद झाला. पाडून टाकण्याऐवजी आयडाहोच्या रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने त्याचा लाकडी सांगाडा बऱ्याच अंशी तसाच ठेवला आणि वरचा रूळ पोलादाचा केला. २०१८ मध्ये तो २०५ फुटांचा होऊन आला. जवळजवळ काटकोनात कोसळणारी पहिली उडी, चार उलटे फेरे आणि एका फेरीत सत्तावीस सेकंदांहून अधिक एअरटाइम. खिशात काहीही ठेवू देत नाहीत, फोनसुद्धा नाही, कारण जे सुटं असेल ते उडणारच. ट्रेन परत येते तेव्हा अनोळखी माणसं एकमेकांना टाळ्या देत असतात. गट इथे अंधार पडेपर्यंत राहिला. तापलेलं वंगण पातळ होतं आणि ट्रेन संध्याकाळी अधिक वेगाने धावते, हे या मंडळींचं आवडतं निरीक्षण आहे आणि त्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे.

पुढचा टप्पा ओहायोच्या सपाट मक्याच्या शेतांमधून सिनसिनाटीजवळच्या मेसनला. इथलं किंग्ज आयलंड १९७२ चं. सिनसिनाटीचं नदीकाठचं जुनं कोनी आयलंड पार्क (न्यूयॉर्कचं नव्हे) १९६४ च्या पुरात बुडालं, तेव्हा नदीपासून दूर, उंच जागी नवं पार्क काढायचं ठरलं. महामंदीनंतरच्या काळात अमेरिकेतले शेकडो लाकडी कोस्टर पाडले गेले होते आणि नवे बांधायला कुणी धजत नव्हतं. अशा वेळी जॉन ॲलन यांनी इथे 'द रेसर' बांधला आणि लोक पुन्हा लाकडाकडे वळले. १९७८ मध्ये अमेरिकन कोस्टर एन्थुझिॲस्ट्स ही चाहत्यांची संघटना स्थापन झाली, तीही याच लाटेत. आजही तिच्या सदस्यांसाठी अनेक पार्क ठरावीक दिवशी सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा खास कोस्टर चालवतात.

किंग्ज आयलंडचा राजा 'द बीस्ट'. १९७९ पासून जगातला सर्वांत लांब लाकडी कोस्टर. रुळाची लांबी सुमारे ७,३६० फूट, म्हणजे सव्वादोन किलोमीटर, आणि फेरी चार मिनिटांहून मोठी. बाहेरच्या कुणा प्रसिद्ध आरेखकाला न बोलावता पार्कच्या स्वतःच्या माणसांनी, अल कॉलिन्स आणि जेफ ग्राम्के यांनी, तो आखला आणि बांधकामाची जबाबदारी होती चार्ली डिन यांच्याकडे. फिनिक्स हलवण्याच्या आधीचं त्यांचं हे काम. बीस्ट पाहावा लागत नाही, कारण तो दिसतच नाही. सुमारे पस्तीस एकर जंगलात, टेकड्यांच्या अंगाने तो हरवून जातो. पार्कातून त्याचा फक्त चढ दिसतो.

दिवसा बीस्ट बरा वाटतो. रात्री तो वेगळाच असतो. रुळावर दिवे नाहीत, जंगलात दिवे नाहीत. ट्रेन पहिल्या उतारावरून जमिनीखालच्या बोगद्यात जाते, झाडांमधून दीर्घ काळ धावत राहते आणि मग दुसऱ्या चढाला लागते. तो चढ फार हळू आहे. डावीकडे काळोख, वर तारे आणि खाली कट्-कट् वाजणारे दाते. नर्सबाईंनी या चढावर शेजारच्या मुलीचा हात धरला तो माथा येईपर्यंत सोडला नाही. त्यानंतर लांब तिरका उतार आणि झाकलेल्या दुहेरी सर्पिल वळणात शिरताना लाकडाचा जो गडगडाट होतो, तो छातीत जाणवतो. येणाऱ्या प्रत्येकाने बीस्ट रात्रीच करावा, त्यासाठी पार्क बंद होण्याच्या अर्धा तास आधी रांगेत असावं. शेजारी २०२० चा 'ओरायन' आहे, तीनशे फुटी उडीचा, गुळगुळीत आणि वेगवान. पण सकाळच्या नाश्त्याला सगळे बीस्टबद्दलच बोलत होते. पार्कातल्या निळ्या आइस्क्रीमबद्दलही थोडंफार.

शेवटचा टप्पा सांता क्लॉज, इंडियाना. हे गाव सेंट्रल वेळेत येत असल्याने पश्चिमेला जाताना घड्याळ एक तास मागे घ्यावं लागतं, आणि त्या तासाचा उपयोग गटाने नीट झोपायला केला. नाताळच्या सुमारास जगभरच्या मुलांची पत्रं या गावाच्या पोस्टात येतात आणि स्वयंसेवक त्यांना उत्तरं लिहितात. नऊ मुलांचे बाप असलेल्या लुइस कोच नावाच्या उद्योजकाला वाटलं, सांता क्लॉजच्या नावाच्या गावात मुलांना काहीतरी हवं. १९४६ मध्ये त्यांनी 'सांता क्लॉज लँड' काढलं. तेच आता हॉलिडे वर्ल्ड झालं आहे आणि अजून कोच कुटुंबाच्याच हाती आहे. नाताळ, हॅलोविन, थँक्सगिव्हिंग, चार जुलै अशा सणांचे त्याचे भाग आहेत. २००० पासून इथे थंड पेयं फुकट आहेत, हवी तितकी. सनस्क्रीनही फुकट, पार्किंगही फुकट. उन्हाळ्यात चार मुलांना घेऊन आलेल्या घराला याचं मोल कळतं.

१९९५ मध्ये इथे 'रेवन' आला. कस्टम कोस्टर्स इंटरनॅशनल या कंपनीचा. ही कंपनी काढली होती डेनिस डिन लॅरिक यांनी, म्हणजे चार्ली डिन यांच्या मुलीने, वडिलांची कंपनी १९९१ मध्ये बंद झाल्यावर. २००० चा 'लेजंड'ही त्यांचाच. २००२ मध्ये कस्टम कोस्टर्स बंद पडली, तेव्हा तिथल्या अभियंत्यांनी ग्रॅव्हिटी ग्रुप स्थापन केला आणि २००६ मध्ये हॉलिडे वर्ल्डसाठी 'व्हॉयेज' आखला. फिनिक्स हलवणारे, बीस्ट बांधणारे, मीन स्ट्रीकचा सांगाडा उभारणारे हात आणि त्यांच्याकडून शिकलेले हात असे या प्रवासातल्या चार पार्कांना जोडतात. सिनसिनाटीच्या आसपासच्या मोजक्या माणसांनी अमेरिकेतला लाकडी कोस्टर जिवंत ठेवला, हे इथे येईपर्यंत गटातल्या मुलांनाही पाठ झालं होतं.

व्हॉयेज १६३ फूट उंच आणि ६,४४२ फूट लांब. पहिल्या तीन मोठ्या टेकड्या सरळ जंगलात नेतात, तिथे रूळ जमिनीखालच्या बोगद्यांतून उसळत राहतो, मधेच नव्वद अंशांत कलतो आणि परतीच्या वाटेवर वेग कमी होण्याऐवजी वाढल्यासारखा वाटतो. इथली जमीन पुन्हा टेकड्यांची आहे, म्हणून कोस्टरला थकायला सपाटी मिळत नाही. चोवीस सेकंदांहून अधिक एअरटाइम. तो दमवणारा आहे, आणि पाठ किंवा मान दुखत असेल त्याने बसू नये. पण लाकडाला जमिनीच्या चढउतारांची साथ मिळाली की काय होतं, हे ज्याला पाहायचं आहे त्याने बीस्टनंतर व्हॉयेजवर यावं.

सकाळी पार्क उघडण्याआधी व्हॉयेजच्या रुळावर माणसं चालताना दिसतात. हातात पाना, नजर बोल्टवर. प्रत्येक लाकडी कोस्टरची अशी रोज तपासणी होते. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, म्हणून दर हिवाळ्यात रुळाचा काही भाग उखडून नवा बसवतात. रेल्वेवाले गृहस्थ कुंपणाशी उभे राहून ते काम पाहत होते. त्यांनी आयुष्यभर हेच काम दुसऱ्या रुळांवर पाहिलं होतं.

ज्यांना हाच मार्ग धरायचा आहे त्यांनी शनिवार टाळावा आणि मेच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात निघावं. शाळांच्या सुट्या पूर्ण लागलेल्या नसतात आणि ऊनही सोसवतं. बरीच पार्कं सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेनंतर फक्त शनिवार-रविवार उघडी राहतात. सकाळी फाटक उघडताच पार्कच्या मागच्या टोकाकडे जावं, गर्दी पुढून मागे सरकते. मोठ्या कोस्टरांना किमान १२२ किंवा १३२ सेंटीमीटर उंची लागते, ती मुलांची घरीच मोजून घ्यावी म्हणजे रांगेच्या शेवटी रडारड होत नाही. चष्म्याला पट्टा लावावा. मागच्या सीटवर बसलं तर उतारावर ट्रेन आपल्याला माथ्यावरून खेचून नेते आणि एअरटाइम जास्त मिळतो. पुढच्या सीटवर वारा आणि देखावा. विजेचा कडकडाट झाला की सगळे उंच कोस्टर थांबतात, आणि मध्य-पश्चिमेतली उन्हाळी वादळं दुपारनंतर येतात, तेव्हा हवे ते कोस्टर सकाळीच उरकावेत, बीस्ट सोडून.